मगाशी बघितलेलं

माझं आजोळ कराड तालुक्यात, कृष्णेच्या काठाला. दिवाळी झाली की गावात गुऱ्हाळं पेटायची आणि पुढचे तीन-चार महिने आम्ही त्या गोड वासातच झोपायचो आणि उठायचो. माझे थोरले मामा गुळव्या होते. गुऱ्हाळ एकाचं, ऊस दुसऱ्याचा, पण काहिलीशेजारी उभं राहून 'उतरवा' म्हणण्याचा अधिकार मामांचा. त्या एका शब्दावर आठ माणसं हलायची.

वडील गेले तेव्हा मी दुसरीत होते. आई मला घेऊन माहेरी आली ती कायमचीच. रात्रीच्या आधणाला मी हट्टानं मामांबरोबर जायचे आणि त्यांच्या पायाशी रिकाम्या पोत्यावर बसून राहायचे. खाली चुलवाणात चिपाडांचा जाळ, वर काहिलीत रस. आधी मळी वर येते, ती झाऱ्यानं काढून टाकायची. मग भेंडीचं पाणी सोडायचं, म्हणजे उरलेली घाणही वर येते. हळूहळू हिरवट रस पिवळा होतो, पिवळ्याचा तांबूस होतो. आधी फसफसणारा फेस बसतो आणि जाड, आळशी बुडबुडे फुटायला लागतात. काकवी हवी असेल त्यांनी याच वेळी कळशी पुढे करायची. त्यानंतरचा सगळा वेळ मामांचा.

हातात गार पाण्याची पितळी वाटी घेऊन मामा काहिलीवर वाकायचे. पळीभर पाक घ्यायचा, त्यातला थेंब वाटीत सोडायचा आणि बोटांनी गोळा करून बघायचा. विरघळला तर मान हलवायची, ढवळणाऱ्यानं ढवळत राहायचं. थोड्या वेळानं पुन्हा थेंब. गोळी होतेय, पण मऊ. पुन्हा मान हलायची. असं करत करत एका वेळी गोळी इतकी कडक होते, की वाटीच्या कडेवर आपटली की टण् असा आवाज येतो. तो आवाज आला की मामा सरळ उभे राहायचे. "उतरवा."

मी एकदा विचारलं होतं, "मामा, किती वेळा ढवळलं की गूळ होतो?"

"वेळा मोजून गूळ हुतोय व्हय? गोळी हुईस्तवर ढवळायचं."

एका रात्री मामांनी मला वाटी दिली आणि ते चहा प्यायला बाजूला बसले. मी थेंब टाकला. गोळी मऊ होती. मला मोठ्या माणसासारखं वाटत होतं, म्हणून मी वाटी धरून ताठ उभी राहिले. चहा संपवून मामा आले. "झाली का गोळी?"

"नाही, अजून मऊ आहे."

"कवा बगितलीस?"

"मगाशी."

मामा रागावले नाहीत. माझा हात धरून त्यांनी पळी काहिलीकडे नेली. "मगाशी बगितल्यालं मगाशीच ऱ्हायलं. पाक काय तुज्यासाठी थांबलाय? आत्ता बग."

मी थेंब टाकला. गोळी टणक झाली होती. मामांनी काहिलीकडे न बघताच हाक दिली आणि माणसं धावली. आणखी थोडा उशीर झाला असता तर पाक जळून गूळ काळा पडला असता, बाजारात त्याला कुणी हात लावला नसता आणि एका शेतकऱ्याच्या उसाचं नुकसान एका नऊ वर्षांच्या पोरीच्या 'मगाशी'मुळे झालं असतं. मामा त्यावर पुन्हा कधी एक शब्दही बोलले नाहीत. दुसऱ्या रात्री त्यांनी वाटी पुन्हा माझ्याच हातात दिली.

दहावीनंतर मी साताऱ्याला गेले. आमच्या भागातल्या माझ्यासारख्या मुलांना साताऱ्याची वाट कुणी करून दिली, हे सांगायला लागत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली ती आमच्याच तालुक्यातल्या काले गावात. १९२४ साली ती साताऱ्यात आली. बोर्डिंगातल्या पोरांच्या पोटाला घालायला कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. छत्रपती शिवाजी कॉलेज १९४७ चं. तिथं 'कमवा आणि शिका' योजनेत मी ग्रंथालयात पुस्तकं लावली, बागेत पाणी घातलं आणि त्या तासांच्या पैशांवर तीन वर्षं काढली. महिनाअखेरीला रजिस्टरमध्ये माझ्या नावापुढे तास लिहिलेले दिसायचे आणि मी ते आईला पत्रात कळवायचे. ज्या बाईंना मी कधी पाहिलं नाही, त्यांच्या मोडलेल्या दागिन्यांतला एखादा मणी माझ्याही ताटात आला आहे, ही भावना तेव्हापासून मनात आहे.

एमएस-सीआयटी २००१ साली सुरू झाली, तेव्हा साताऱ्यातल्या एका वर्गात मी पहिल्यांदा संगणकाच्या कळांवर बोटं ठेवली. तो कोर्स पुरा होण्याआधीच मी ठरवून टाकलं होतं की पुढे हेच शिकायचं.

२००४ साली सांगलीला संगणकाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला आणि पहिल्याच सत्रात प्रोग्रॅमिंगच्या विषयात नापास झाले. वर्गातली बहुतेक मुलं घरी संगणक असलेली. मी फळ्यावरचं वहीत उतरवून घ्यायचे आणि रात्री ते पाठ करायचे. निकालानंतर शिकवणाऱ्यांनी सगळ्या वर्गासमोर मला उभं केलं आणि सांगितलं, "हे तुझं क्षेत्र नाही. वेळेत दुसरं काहीतरी बघ." मी काही बोलले नाही. संध्याकाळी लॅबमध्ये जाऊन कोपऱ्यातल्या मशीनसमोर बसले.

लॅब सांभाळायला एक काका होते. आयटीआय झालेले, पन्नाशीचे, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. त्यांचं नाव इथं लिहू नये असं त्यांनी मला बजावलं आहे, म्हणून मी काकाच म्हणते. शिकवणं हे त्यांचं काम नव्हतं. मशीन चालू ठेवणं, मुलांची खाती उघडणं आणि रात्री कुलूप लावणं हे काम. पण लिनक्स त्यांनी स्वतःच्या हिमतीवर, पुस्तकं मागून आणून शिकून घेतलं होतं. नवीन वर्ष सुरू झालं की साठ मुलांची साठ खाती ते एकेक करून उघडत नसत. सहा-सात ओळींची स्क्रिप्ट लिहून बाजूला बसायचे आणि चहा संपायच्या आत साठही खाती तयार असायची.

त्या संध्याकाळी माझ्या पडद्यावर एक ते दहा आकडे छापायचे होते. त्याऐवजी पडद्यावरून नुसता 'एक, एक, एक' धो धो वाहत होता. मशीन बिघडवलं या भीतीनं मी उभीच राहिले. काकांनी मागून येऊन कंट्रोल आणि सी या दोन कळा एकदम दाबल्या. सगळं शांत झालं.

"काय लिहिलंयस ते मोठ्यानं वाच. मराठीत वाच."

मराठीत? मला ते चुकीचं, जवळजवळ लाजिरवाणं वाटलं. पण वाचलं. "आकडा एक धर. जोवर आकडा दहापेक्षा जास्त नाही, तोवर आकडा छाप. झालं."

"आता सांग, आत गेल्यावर काय बदलतंय?"

मी पुन्हा वाचलं. "काहीच नाही."

"मग अट कशी मोडेल? अट दारात उभी आहे, दर फेरीला विचारतेय, आकडा किती? तू दर फेरीला सांगतेस, एक. ती सोडणार नाही तुला, आणि तिचं चूकही नाही."

मी आत एक ओळ घातली, की आकड्यात एक मिळव. पडद्यावर एक ते दहा आले आणि थांबले. इतकी साधी गोष्ट, पण फळ्यावरून उतरवताना कधी दिसली नव्हती. मराठीत मोठ्यानं वाचल्याबरोबर दिसली.

तेव्हापासून काकांचा हाच नियम झाला. लिहिलेलं सगळं आधी मराठीत वाचायचं. किती फेऱ्या हे आधीच ठाऊक असेल तर 'फॉर'. साठ खाती म्हणजे साठ फेऱ्या, त्यात शंका नाही. फेऱ्या ठाऊक नसतील, फक्त थांबायची खूण ठाऊक असेल, तर 'व्हाइल' किंवा 'अन्टिल'. मला चटकन मामांचं गुऱ्हाळ आठवलं. ढवळायच्या फेऱ्या कुणी मोजत नाही, गोळी होईस्तवर. मी काकांना ते सांगितलं, तर ते खूप वेळ माझ्याकडे बघत राहिले. "मग तुला नापास कुणी केलं?" असं म्हणाले आणि कुलूप लावायला उठले.

'अन्टिल'नं मात्र मला चार दिवस छळलं. अभ्यास असा होता, की कुणी 'संपलं' असं टाइप करेपर्यंत प्रोग्रॅमनं नावं विचारत राहायचं. मी मनात म्हटलं, "जोपर्यंत 'संपलं' येत नाही, तोपर्यंत विचार." 'जोपर्यंत' म्हणजे अन्टिल, 'येत नाही' म्हणजे नकार, अशा हिशेबानं अन्टिल लिहिलं आणि पुढे नकारही लिहिला. प्रोग्रॅम एकदाही नाव न विचारता संपून जायचा. मी स्पेलिंग तपासलं, अवतरणचिन्हं तपासली, नव्यानं लिहून काढलं. तरी तेच.

काकांनी वाचायला लावलं. मी वाचलं. ते म्हणाले, "आता पावसाचं वाक्य बोल. पाऊस पडतोय, तुला घरी जायचंय."

"जोवर पाऊस थांबत नाही, तोवर मी इथंच बसते."

"दुसऱ्या तऱ्हेनं बोल."

थोडा विचार केला. "पाऊस थांबेपर्यंत मी इथंच बसते."

"पहिल्या वाक्यात 'नाही' आहे. दुसऱ्यात आहे का?"

नव्हतं.

"पहिलं वाक्य म्हणजे व्हाइल आणि नकार. दुसरं म्हणजे अन्टिल, त्याच्या पोटातच नकार आहे. तू दोन्ही एकात कालवलंस. 'पाऊस न थांबेपर्यंत बसते' असं कुणी म्हणतं का? सुरुवातीला 'संपलं' आलेलं नसतंच, म्हणजे तुझी अट आल्या आल्या पुरी होते आणि तो लगेच निघून जातो."

मला एकदम हलकं वाटलं. मामांचं 'हुईस्तवर' म्हणजे अख्खा अन्टिल होता. माझ्या बोलीत तो आधीपासून होता आणि मी तो परक्या शब्दांत शोधत होते. त्या दिवसापर्यंत मला वाटायचं की संगणकाची भाषा इंग्रजी बोलणाऱ्यांची, आपण तिच्या दारात उभे. काकांनी त्या दाराला माझ्या आजोळची कडी बसवून दिली.

अशा किती गोष्टी. अट लिहायच्या चौकटी कंसाच्या आतल्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडावीच लागते, कारण शेलच्या, म्हणजे आपल्या आज्ञा वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, दृष्टीनं तो उघडता कंस म्हणजे स्वतंत्र आज्ञाच असते. पुढच्या अक्षराला चिकटली तर ओळखूच येत नाही. काका म्हणायचे, "कंसाला श्वास घेऊ दे." 'इफ' बंद करायचं ते 'फाय' लिहून, 'केस' बंद करायचं ते 'इसॅक' लिहून, म्हणजे उघडायची कडी उलटी फिरवून बंद करायची. ही रीत स्टीफन बोर्न यांनी अल्गोल ६८ या भाषेतून घेतली आणि १९७९ सालच्या युनिक्सबरोबर आलेल्या आपल्या शेलमध्ये रुजवली. मग 'डू' उघडलेलं 'ओडी' लिहून का बंद होत नाही, 'डन' का लिहायचं? कारण 'ओडी' नावाची दुसरी एक आज्ञा युनिक्समध्ये आधीच नांदत होती. काका हे सांगताना घरातल्या जुन्या माणसांची हकिगत सांगावी तसं सांगायचे. आमच्या लॅबमधला 'बॅश' हा त्याच शेलचा वारस, १९८९ साली ब्रायन फॉक्स यांनी लिहून मोकळा सोडलेला. वापरायला पैसे नाहीत, बघायला मज्जाव नाही. विकत घ्यायचा असता तर माझ्यापर्यंत तो आलाच नसता.

लॅब सात वाजता बंद व्हायची. चार महिने काकांनी ती माझ्यासाठी अर्धा तास जास्त उघडी ठेवली. रोज कोऱ्या पडद्यापासून सुरुवात. काल मला काय आलं नव्हतं, हे त्यांनी एकदाही काढलं नाही. काल चुकलेलंच ते आज पुन्हा विचारायचे, आणि विचारताना त्यांच्या चेहऱ्यावर कालच्या उत्तराची सावलीसुद्धा नसायची. त्या वर्षअखेरीला मी तो विषय सोडवला.

२००५ च्या जुलैअखेरीस कृष्णा चढायला लागली. सांगलीकरांना पूर नवा नाही. १९२९ सालच्या आयर्विन पुलाजवळची फुटपट्टी हे आमचं पावसाळ्यातलं पंचांग. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. त्या वर्षी पाणी ५३ फुटांच्या पुढे गेलं. हरिपूरला जमिनीखाली हळद साठवायची पेवं असतात, त्यांत पाणी शिरलं. आम्ही विश्रामबागेकडे उंचावर होतो, कोरडे. काकांचं घर मात्र गावभागात.

तिसऱ्या दिवशी ते लॅबमध्ये आले. पँट गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली. लॅबमधली मशीनं ठीक आहेत का बघायला आले होते. मी विचारलं, "काका, घरात किती पाणी आहे?"

ते म्हणाले, "काल संध्याकाळी चौथ्या पायरीला होतं, खडूनं रेघ मारून आलोय. आत्ताचं सांगता येणार नाही. जाऊन बघायला लागेल."

मी गप्प झाले. समोर मामा उभे आहेत असं वाटलं. हातात वाटी नव्हती, किल्ल्या होत्या, एवढाच काय तो फरक. स्वतःचं घर बुडत असतानाही या माणसानं कालच्या रेघेला आजची रेघ म्हटलं नाही.

शिक्षण संपलं, नोकरी लागली, लग्न झालं, सांगलीतच स्थिरावले. स्क्रिप्ट लिहिणं हेच पोटापाण्याचं काम झालं. २०१९ च्या पावसाळ्यात आमच्या भागातल्या काही जणांनी मिळून एक साधी व्यवस्था केली. पुलाजवळ राहणारे दोघं-तिघं दर तासाला फुटपट्टी बघून पातळी एका सामाईक वहीत टाइप करायचे. माझी स्क्रिप्ट ती वाचून गल्लीतल्या घरांना मेसेज पाठवायची आणि ४० फूट झाले की इशाऱ्याची सूचना द्यायची. निवृत्त झालेले काका त्या नोंद करणाऱ्यांत होते. शेलला अपूर्णांकांची तुलना करता येत नाही, म्हणून फूट-इंचांचे सरळ इंच करायची युक्तीही त्यांचीच. ४० फूट म्हणजे ४८० इंच, ४५ म्हणजे ५४०.

स्क्रिप्ट मराठीत वाचली तर अशी होती:

जोवर पातळी ४८० हून कमी, तोवर
वहीतली शेवटची नोंद वाच
तीच पातळी धर
गल्लीला कळव
तासभर थांब
झालं
सगळ्यांना सूचना दे

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पाऊस कोसळत होता. आमच्या दोन्ही जिल्ह्यांचं नशीब एकाच पाण्यानं बांधलेलं आहे. कृष्णा आणि कोयना दोघी महाबळेश्वरच्याच. कृष्णा वाईवरून येते. कोयना दक्षिणेला हेळवाकपर्यंत जाऊन पूर्वेला वळते आणि कराडच्या प्रीतिसंगमावर दोघी समोरासमोर भेटतात. १०५ टीएमसीच्या कोयना धरणाचे सहा वक्र दरवाजे उचलले, की आमच्या आजोळच्या घाटाला आधी कळतं आणि सांगलीला मागाहून. मामांचा फोन यायचा, "घाटाच्या पायऱ्या गेल्या गं." आम्ही समजायचो, पाणी निघालं.

त्या आठवड्यातल्या एका रात्री झोपण्याआधी मी स्क्रिप्ट नीटनेटकी करायला घेतली. पातळी वाचायच्या दोन ओळी सगळ्यात वर असाव्यात म्हणजे दिसायला बऱ्या, म्हणून त्या मी उचलून वर ठेवल्या. फेऱ्यांच्या, म्हणजे लूपच्या, बाहेर. पहिला मेसेज बरोबर गेला, ३८ फूट ४ इंच. मी झोपले.

पहाटे साडेपाचला काकांचा फोन आला. "तुझा पाचचा मेसेज ३८ फूट ४ इंच सांगतोय. मी पुलावर उभा आहे. पाणी ४१ च्या वर आहे."

मी मशीन उघडलं. रात्रभर दर तासाला माझ्या स्क्रिप्टनं सगळ्या गल्लीला एकच आकडा सांगितला होता. एकदा वाचला आणि मुठीत धरून ठेवला. वहीत नव्या नोंदी येत होत्या, काका आणि बाकीचे भर पावसात जाऊन बघून येत होते, आणि लूप त्याच जुन्या आकड्याला विचारत होता, ४८० झाले का? तो म्हणत होता, नाही. अट खरी होती, तुलना बरोबर होती. फक्त जे बघितलं जात होतं ते मगाचं होतं.

मी त्या दोन ओळी आत आणल्या. तोवर सखल कोपऱ्यावरच्या घरात पाणी शिरलं होतं. माणसं वेळेत बाहेर निघाली, पण तिथल्या आजींची वर्षाची ज्वारी आणि गहू भिजले. त्या मेसेजवर भरवसा ठेवून त्यांनी रात्री पोती माळ्यावर चढवली नव्हती. पुढे पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं आणि आम्ही सगळेच घर सोडून निघालो. पाणी उतरल्यावर मी त्या आजींकडे गेले, चूक माझी होती हे सांगितलं आणि त्यांच्या घरी वर्षाचं धान्य भरलं. आजी म्हणाल्या, "आगं, पाणीच तेवढं आलं, तू काय करणार." मला ठाऊक आहे मी काय करायला हवं होतं. नवव्या वर्षी मला ते हात धरून शिकवलेलं होतं.

काकांना मी ते सगळं सांगितलं, गुऱ्हाळातल्या त्या रात्रीसकट. ऐकून ते म्हणाले, "चुकली ओळ. तू नाही चुकलीस. ओळ आत गेली ना? पुढचं बघ." १५ वर्षांपूर्वी एक ते दहा आकडे छापताना ज्या आवाजात बोलले होते, त्याच आवाजात.

तेव्हा मला नीट उमजलं की या दोघांचं माझ्यावर काय ऋण आहे. लूप लिहायला कुठलंही पुस्तक शिकवेल. आज तर मुंबईच्या आयआयटीत प्रा. कन्नन मौदगल्य यांच्या पुढाकारानं उभ्या राहिलेल्या स्पोकन ट्युटोरिअलमध्ये मराठीतूनही धडे मिळतात, आणि माझ्याकडे सुट्टीत येणाऱ्या मुलींना मी ते आवर्जून दाखवते. पण माझ्याबद्दल एक निकाल एकदा लागला होता. तो बरोबर होता. त्या दिवशी मला खरंच येत नव्हतं. शिकवणाऱ्यांनी तो आकडा लूपच्या बाहेर ठेवला. काकांनी रोज संध्याकाळी सात वाजता मला नव्यानं वाचलं. मामांनी दुसऱ्या रात्री वाटी पुन्हा माझ्याच हातात दिली. मी आज जी काही आहे ती त्या परत बघण्यावर उभी आहे. माझ्याकडची एखादी मुलगी चुकते तेव्हा तिचं कालचं मनात येऊ द्यायचं नाही, यासाठी मला अजूनही स्वतःशी झगडावं लागतं. काकांना ते कसं जमत होतं, याचं मला दर वेळी नव्यानं नवल वाटतं.

गेल्या हिवाळ्यात आजोळी गेले होते. गुऱ्हाळ आता मामेभाऊ बघतो. त्याच्याकडे पाकाचं तापमान मोजायचं यंत्र आहे; ११८ अंशांच्या आसपास काटा आला की तो काहील उतरवतो आणि गूळ चांगला होतो. मामा थकलेत. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेल्यात जमा आहेत. पण रात्रीच्या आधणाला त्यांना गुऱ्हाळात आणून बसवावंच लागतं. मी त्यांच्याशेजारी पोत्यावर बसले. जाळाची धग तोंडावर येत होती. बुडबुडे जाड झाल्याचं मला दिसत होतं, मामांना आवाजावरून कळत असावं, कारण त्यांनी मान काहिलीकडे वळवली.

"वाटी हाय का गं तुज्याकडं?"

भावानं तीच पितळी वाटी गार पाणी भरून दिली. मी थेंब सोडला, बोटांनी गोळा केला. "मऊ आहे, मामा."

थोडा वेळ गेला. मी काही बोलणार एवढ्यात ते म्हणाले, "आता?"

मी उठून पुन्हा पळी घातली. पुन्हा थेंब. या वेळी गोळी बोटांखाली दबली नाही. मी काहीच सांगितलं नाही. वाटी मामांच्या कानाजवळ नेली आणि कडेवर गोळी आपटली.

मामा काठीवर जोर देऊन सरळ उभे राहिले.

"उतरवा."